काखेतल्या गाठींसाठी कोणती तपासणी? आधी सोनोग्राफी, मग पेट-सीटी

स्तनाचा कॅन्सर निघाला की पुढचा प्रश्न काखेचा: तिथल्या लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड) आजार पोचलाय का? घरचे थेट पेट-सीटीची चौकशी करतात, म्हणजे किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देऊन ती जिथे जास्त शोषली जाते त्या जागा चमकत्या दाखवणारा स्कॅन. या एका प्रश्नापुरता आमचा पहिला कौल मात्र साध्या सोनोग्राफीला.

ती ग्रंथीची आतली घडण दाखवते. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी असते; कडेला पातळ काळपट पट्टी, मध्ये चरबीचा पांढरा गाभा. आजार शिरतो तो आधी कडेच्या पट्टीत. पट्टी ३ मिमीपेक्षा जाड झाली, एकाच बाजूला फुगली किंवा पांढरा गाभा दिसेनासा झाला, तर पडद्यावर बघत लगेच सुईने नमुना घेता येतो. मर्यादा दोन: करणाऱ्याचा हात तयार हवा, आणि छातीच्या स्नायूंमागच्या खोल ग्रंथी नीट दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये पट्टीची जाडी नसेल, नुसतं ‘काखेत गाठी दिसतात’ एवढंच असेल, तर सविस्तर रिपोर्ट मागून घ्या.

सीटी मुख्यतः आकारावर जाते. आखूड व्यास १० मिमीच्या पुढे गेला की संशय. फसगत तिथेच होते. ७ मिमीच्या ग्रंथीत आजार असू शकतो आणि १४ मिमीची ग्रंथी नुसती सुजलेली निघते.

पेट-सीटीची खरी कामगिरी काखेपलीकडे: छातीच्या मधल्या हाडालगतच्या आणि कॉलरबोनवरच्या ग्रंथी, हाडं, यकृत. ४ ते ६ तास उपाशी, रक्तातली साखर २०० च्या आत, इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहणं, एवढी तयारी लागते. इंजेक्शन आजाराच्या विरुद्ध हातालाच घ्या. औषध शिरेबाहेर झिरपलं तर त्याच बाजूच्या काखेतली ग्रंथी चमकते आणि नसलेला आजार दिसतो. टीबीची गाठही चमकते, दंडावर नुकत्याच घेतलेल्या लशीनेही चमक येते. म्हणून लशीची तारीख आणि हात कोणता, हे टेक्निशियनला आधीच सांगा. नुसत्या चमकेवर आजाराची स्टेज वाढवू देऊ नका, सुई तपासणीचा आग्रह धरा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. लोब्युलर प्रकारचा (स्तनातल्या दूधग्रंथींत सुरू होणारा) कॅन्सर पेटमध्ये पुष्कळदा फिका दिसतो, आणि २ मिमीपर्यंतचे सूक्ष्म कण यातल्या कुठल्याच यंत्राला भरवशाने सापडत नाहीत. तेव्हा पेट साफ आली एवढ्याच कारणावरून सेंटिनल नोड बायॉप्सी (आजार सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या काखेतल्या ग्रंथी काढून तपासणं) रद्द होत असेल, तर सर्जनना थांबवून त्यामागचं कारण विचारा.