हॅकल की सीडीसी?

ट्राउट मासा पकडायला ड्राय फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली, पाण्यावर तरंगणारी नकली माशी, बांधायला शिकणाऱ्या मित्राचा प्रश्न: हॅकल, म्हणजे कोंबड्याच्या मानेची पिसं, घेऊ की सीडीसी, म्हणजे बदकाच्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसं?

तरंगण्याची तऱ्हाच वेगळी. हॅकलचे ताठ तंतू पाण्यावर टेकून माशीला उचलून धरतात. खळाळातही ती दिसत राहते. सीडीसीच्या बारीक तंतूंत हवा अडकते, माशी पाण्याला लगटून खऱ्या किड्यासारखी बसते. पण एक मासा लागला की तिचा ओला बोळा होतो. मग धुवा, रुमालात दाबून टिपा, कोरडी पावडर चोळा. माशी तरंगावी म्हणून लावतात ते नेहमीचं जेल मात्र लावू नका, तंतू चिकटून बसतात. मी एकदा लावून बसलोय!

बांधायला सीडीसी सोपी. हॅकल गुंडाळताना पिसाचा दांडा पिळला गेला की तंतू वेडेवाकडे उभे राहतात. ट्राउटच्या दातांनी दांडा तुटला तर सगळंच उलगडतं. उलट दिशेने बारीक तार फिरवली की टिकतं. हॅकलची चांगली, पिसांसकटची कातडी महाग, पण एकीत ढीगभर माश्या होतात.

वेगवान, फेसाळ पाण्यात हॅकल. संथ, नितळ डोहातल्या नखरेल ट्राउटसाठी सीडीसी.