ग्रास कटर रिपेअरला देताय? 'कॉइल गेली' म्हणून माझे १८०० घेतले, आधी हे वाचा

आमची राजापूरकडे काजूची बाग आहे. पावसात गवत कमरेएवढं होतं आणि बेणणीला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे सगळं ग्रास कटरवरच. गेल्या ऑगस्टमध्ये मशीन चालता चालता बंद पडलं, दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला पण साधा फट् पण आवाज नाही. स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडतो तो) काढला तर पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचतंय पण करंट येत नाही एवढं मला कळलं, पुढचं नाही कळलं म्हणून बाजारातल्या एका दुकानात नेलं.

त्याने प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली, स्पार्क नाही, लगेच म्हणाला कॉइल (प्लगला करंट देणारा भाग) गेली. नवीन प्लग लावून पण बघितलं नाही. कॉइलचे १४५०, मजुरी ३५०, ठेवून जा परवा या. परवा गेलो, पैसे दिले, जुनी कॉइल मागितली तर एक काळी पडलेली कॉइल हातात दिली. बिल मी मागितलं नाही, तिथे चुकलोच.

बारा दिवस चाललं आणि परत तेच. आता म्हणे मॅग्नेट वीक झालंय, फ्लायव्हील (कॉइलजवळ फिरणारं, मॅग्नेट बसवलेलं चाक) बदलायला लागेल, २२०० होतील. तेव्हा खटकलं. मशीन उचललं आणि आतेभावाला बोलावलं, तो पॉवर टिलर, पंप सगळं घरीच खोलतो.

त्याने कव्हर काढून मला दाखवलं. कॉइलमधून जाड वायर प्लगला जाते आणि एक बारीक वायर बंद करायच्या स्विचला. स्विच बंद केला की ती बारीक वायर बॉडीला अर्थ होते आणि स्पार्क थांबतो. मग तीच वायर मध्येच कुठे सोलून बॉडीला लागली तर स्विच कायम बंद ठेवल्यासारखंच होणार ना, कितीही दोरी ओढा. त्याने बारीक वायर कॉइलपासून सोडवली, प्लग भोकापासून लांब धरून बॉडीला टेकवला (आत पेट्रोलची वाफ असते, जवळ धरू नका), दोरी ओढली, चट् चट् निळा स्पार्क!

वायर शोधत गेलो तर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली, आणि बरोबर तिथेच काळी टेप गुंडाळलेली, गरम होऊन सुटलेली. ती टेप आमच्या घरातल्या कोणी लावलेली नाही. म्हणजे त्या माणसाला फॉल्ट सापडला होता, त्याने टेप मारली आणि पैसे कॉइलचे घेतले, याचा मला अजून राग येतो. कॉइलच्या स्क्रूंवर जुना गंज आणि चिखल तसाच, पानासुद्धा लागलेला नाही. त्याने दिलेली 'जुनी' कॉइल लावून बघितली तर तिची भोकंच आमच्या मशीनला जुळत नाहीत. आणि मॅग्नेट म्हणाल तर स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला की खटकन ओढून घेतो.

नवीन वायर टाकली, मशीन त्या दिवसापासून चालू आहे. कॉइल खरंच जाते, नाही असं नाही. पण आधी नवीन प्लग, मग स्विचची वायर सोडवून स्पार्क, मग कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट (आतेभाऊ मध्ये व्हिजिटिंग कार्ड घालून स्क्रू आवळतो), एवढं तुमच्यासमोर करायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. कॉइल बदलणार असेल तर जुनीचा फोटो काढून ठेवा आणि बिल घ्या.

ती कॉइल घेऊन मी दुकानात गेलो होतो. म्हणाला दुसऱ्या मशीनची चुकून दिली असेल, पैसे काही दिले नाहीत. बाजूला बाकावर एक वयस्कर काका फवारणीचा पंप घेऊन बसलेले, त्यांनाही कॉइलच सांगितलेली. मी तिथेच त्याच्यासमोर म्हटलं, काका, आधी स्विचची वायर काढून स्पार्क दाखवायला सांगा. काकांनी पंप उचलला आणि माझ्याबरोबर बाहेर आले.