सनईवाल्याचा गळा: दुर्बीण, सीटी की एमआरआय?

"सूर लावा का गयामा फुगा येस," म्हणजे सूर लावला की गळ्यात फुगा येतो, हे आमचे काका आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) सांगत होते. अमळनेर-पारोळ्याकडच्या लग्नांत उभं आयुष्य सनई वाजवलेला माणूस, पण लग्नसराई संपेपर्यंत डॉक्टरकडे काही गेला नाही.

फुंकवाद्य वाजवणाऱ्यानं आधी दुर्बीण करावी, असं माझं मत. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून बारीक लवचीक नळी घालतात, तोंड मोकळं राहतं. म्हणजे सनई सोबत न्यायची आणि खुर्चीतच वाजवायची! नाकातून हवा सुटत असेल, तर मऊ टाळू नीट मिटत नाही हे पडद्यावर वाजवतानाच दिसतं. स्वरतंतूंवरची गाठही कळते. खर्च कमी, सीटीसारखी क्ष-किरणं नाहीत. नाक बधिर करायचा फवारा घशात उतरून कडू लागतो तेवढाच त्रास.

काकांचा फुगा मात्र बाहेरून, मानेत दिसायचा. स्वरतंतूंच्या वर एक इवलीशी पिशवी असते, ती दाबानं फुगते. त्याला लॅरिंगोसील म्हणतात. सनईच्या पत्तीची फट अरुंद, त्यामुळे दाब जबर. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे यानं १८२९ मध्ये इजिप्तमधल्या बांग देणाऱ्यांच्या गळ्यातले असे फुगे नोंदवले होते. पिशवी कुठवर गेली आहे हे सीटीत नेमकं दिसतं, काही सेकंदांत.

तिथेच आमची फसगत झाली. एका सेंटरवर काकांना निवांत झोपवून सीटी काढला. पिशवी रिकामी, रिपोर्ट नॉर्मल, पैसे गेले. दुसऱ्या ठिकाणी ओठ मिटून, नाक दाबून फुंकायला लावलं, तेव्हा डाव्या बाजूला काळा फुगा उमटला. सनई आत नेऊ नका, तिच्या टोकाच्या पितळी प्याल्यामुळे चित्रात रेघा येतात.

एमआरआयला किरणं नसतात, पण वीसेक मिनिटं निश्चल पडायचं. तेवढा वेळ फुंक कोण धरणार? जर्मनीत गटिंगेनला वादकांच्या जिभेचे वेगवान एमआरआय चित्रपट काढले आहेत, नेहमीच्या यंत्रावर ते जमत नाही. सोनोग्राफी हवेपुढे हतबल. थायरॉइडची किंवा लसिकाग्रंथीची गाठ नाही ना, एवढं मात्र सांगते.

तंबाखू खाणाऱ्याचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर दुर्बीण लगेच करा. पिशवीच्या तोंडाशी कधी कॅन्सरही असतो. अशा वेळी शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी किंवा एमआरआय लागतो.

काकांच्या दोन्ही सीडी एका पाकिटात घातल्यात. सोमवारी धुळ्याला दाखवायच्या आहेत, पिशवीत सनई आहेच.