सात वेळा की पाच वेळा? खासदारांची कारकीर्द ताडताना

निवडणूक जवळ आली की पारावर पहिला हिशेब निघतो तो विजयांचा. विलास मुत्तेमवार सात वेळा लोकसभेत गेले, भावना गवळी पाच वेळा. दोन कारकिर्दी शेजारी ठेवून मत ठरवायचं असेल, तर हा आकडा सर्वांत कच्चा. आधी त्याची वर्षं करा.

मुत्तेमवारांचे विजय १९८०, १९८४, १९९१ (चिमूर) आणि १९९८, १९९९, २००४, २००९ (नागपूर). यातली १९९८ ची लोकसभा जेमतेम तेरा महिने चालली. मधे १९८९ ते १९९१ आणि १९९६ ते १९९८ असा खंड आहे. गोळाबेरीज साधारण ३० वर्षं. गवळी १९९९ पासून २०२४ पर्यंत सलग, म्हणजे २४ वर्षांहून थोडं जास्त. सात आणि पाच यांत दिसणारी दरी वर्षांत मोजल्यावर बरीच बुजते. शिवाय २००९ पासून चिमूर आणि वाशीम हे मतदारसंघ त्या नावाने उरलेच नाहीत. गडचिरोली-चिमूर आणि यवतमाळ-वाशीम असे नवे झाले. त्यामुळे आपलं गाव त्या सगळ्या काळात त्या खासदाराच्या मतदारसंघात होतं का, हेही तपासा.

वर्षांपेक्षा मोलाचं म्हणजे त्या काळात माणूस सभागृहात कुठे बसला होता. पंजाबराव देशमुख अमरावतीतून १९५२, १९५७ आणि १९६२ असे तीनदाच निवडून आले. तिसरी मुदत पुरी होण्याआधीच, एप्रिल १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं. पण पहिली दहा वर्षं ते केंद्रात कृषिमंत्री होते. कापूस पिकवणाऱ्या गावाने तीन हा आकडा पाहून त्यांना मागे टाकलं, तर हिशेबच चुकला.

मंत्रिपदाची दुसरी बाजू मात्र नेहमी विसरली जाते. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. हजेरीच्या नोंदवहीत सहीही करत नाही. म्हणून मंत्र्याच्या नावापुढे हजेरी आणि प्रश्न कोरे दिसले, तर तो गैरहजर होता असं समजू नका. हंसराज अहीर चंद्रपूरमधून १९९६, २००४, २००९ आणि २०१४ मध्ये निवडून आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते राज्यमंत्री झाले. कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपाचा प्रश्न त्यांनी लावून धरला तो त्याआधी, विरोधी बाकांवरून. सर्वोच्च न्यायालयाने २१४ खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं ते सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे तेही मंत्रिपदाच्या आधीच. सदस्य म्हणून केलेलं काम आणि मंत्री म्हणून केलेलं काम यांचे दोन वेगळे रकाने करा, एकात मिसळू नका.

साधे सदस्य ताडताना प्रश्नांची संख्या हाताशी असते, पण तीही फसवते. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्नच यादीत येतात आणि वेळेअभावी त्यातलेही बरेच पुकारले जात नाहीत. अतारांकित २३०, त्यांना लेखी उत्तर. एकाच प्रश्नाखाली अनेक खासदारांची नावं जोडलेली असतात, त्यामुळे संख्या फुगते. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव टाकून प्रश्नांचे विषय वाचा. सोयाबीनचा भाव, पीकविमा, रेल्वेमार्ग, सिंचन यांवर किती आहेत ते मोजा. पन्नास विखुरलेल्या प्रश्नांपेक्षा एकाच विषयावर तीन-चार अधिवेशनं पाठपुरावा करणारे पाच प्रश्न आमच्या लेखी वरचढ.

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, मंजूर झालं नाही म्हणून गुण कापू नका. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. विधेयक कशावर मांडलं, एवढंच बघा.

खासदार निधीची, म्हणजे मतदारसंघातल्या कामांसाठीच्या पैशाची, तुलना सर्वांत जपून करा. २०११-१२ पासून खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात. पण कोविडमुळे २०२०-२१ चा निधी मिळालाच नाही आणि २०२१-२२ मध्ये फक्त २ कोटी मिळाले. त्यामुळे २०१४-१९ आणि २०१९-२४ यांचे आकडे समोरासमोर ठेवले, तर नंतरच्यावर अन्याय होतो. खासदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. समाजमंदिर सुरूच व्हायला उशीर झाला असेल, तर शिफारशीची तारीख आणि मंजुरीची तारीख दोन्ही मागवा. उशीर कोणाच्या टेबलावर झाला, ते त्या दोन तारखांमधल्या अंतरावरून कळतं.