आधी जलवाहिनी की आधी रस्ता? नगरसेवकासाठी तुलनात्मक आढावा

जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये अस्तित्वात आल्या. अंदाजपत्रकाच्या महासभेपूर्वी तेथील नगरसेवकापुढे आजही तोच पेच असतो: प्रभागातील रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचा आग्रह धरावा की जलवाहिनी आणि भुयारी गटारीचा?

रस्त्याचे काम एका आर्थिक वर्षात उरकते, धूळ थांबते आणि मतदाराला ते दारातच दिसते. जलवाहिनीच्या कामात वर्षानुवर्षे खोदकाम चालते, शिव्या आजच्या नगरसेवकाला खाव्या लागतात आणि नारळ फोडायला मात्र पुढचा येतो. मते मिळवण्याच्या हिशेबात रस्ता सरस ठरतो, हे मान्य करायला हवे.

पैशाच्या हिशेबात मात्र पारडे फिरते. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालील लोकसंख्येच्या शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत २.० या शहरांसाठीच्या अभियानाचा भरही पाणी आणि मलनिस्सारणावर आहे. रस्त्यांना असा हक्काचा निधी नसल्याने त्यांचा भार मालमत्ता करावर किंवा राज्याच्या विशेष अनुदानावर पडतो.

शिवाय खानदेशची जमीनही या निर्णयात बोलते. तापी खोऱ्यातील काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते. त्या हालचालीने जुन्या वाहिनीचे सांधे निखळतात आणि वरचा रस्ता खचतो. पाणी दिवसाआड येते तेव्हा मधल्या काळात वाहिनीतला दाब उतरतो, आणि त्याच सांध्यांतून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. पाणी येताच घरोघरी सुरू होणारे, नळाला थेट जोडून पाणी खेचणारे तिल्लू पंप हा धोका वाढवतात. वर काँक्रीट असेल तर गळती शोधायलाही कटर लावावा लागतो. आमच्या गल्लीत नव्या काँक्रीटमधून नळजोडणीसाठी वीतभर रुंदीचे चर काढले गेले आणि त्यांत मुरूम भरला. पहिल्याच पावसात तो बसला आणि प्रत्येक दारापुढे दुचाकीला आडवी नाली तयार झाली.

पाण्यातही दोन्ही शहरांचे प्रश्न सारखे नाहीत. जळगावला वाघूर धरणाचा आधार असल्याने तेथे मी नव्या स्रोतापेक्षा वितरण, टाक्या आणि गळतीवर खर्च करण्याच्या बाजूने आहे. धुळ्याला नकाणे तलावाबरोबर तापीचे पाणी लांबून उपसून आणावे लागते. त्यामुळे गळणाऱ्या प्रत्येक लिटरमागे विजेचे बिलही वाया जाते. पांझरा नदीवरील अक्कलपाडा धरण शहराच्या वरच्या अंगाला असल्याने तेथून पाणी उताराने आणता येते, म्हणून धुळ्यात स्रोताचा विषय वितरणाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

म्हणून माझा कौल जलवाहिनीला आहे, पण सरसकट नाही. प्रभागातील वाहिनीची दाब चाचणी झाली असेल, घरोघरच्या जोडण्या पूर्ण असतील आणि गटारीचे चेंबर रस्त्याच्या पातळीला आले असतील, तर रस्ता अडवून धरण्यात अर्थ नाही. यांपैकी एकही गोष्ट बाकी असेल तर तेथे तूर्त खडीकरणावर भागवावे. जलवाहिनीच्या निविदेला मंजुरी देतानाही खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम तीत धरली आहे का, हे स्थायी समितीतच विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. काम सुरू झाल्यावर ठेकेदार आणि बांधकाम विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.