इंडिकेटरच्या तपासणीसाठी १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प
एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर लुकलुकू लागला की अनेकजण थेट फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) बदलतात. वास्तविक त्या बाजूचा एखादा बल्ब गेल्याचेच ते बहुधा लक्षण असते. अशा तपासणीत हा साधा टेस्ट लॅम्प (एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्या टोकाला सुई असलेला छोटा दिवा) मला मल्टिमीटरपेक्षा अधिक भरवशाचा वाटला, कारण तो स्वतः करंट ओढतो आणि त्यामुळे मीटरवर पूर्ण व्होल्टेज दिसत असूनही गंजलेल्या जोडणीतून पुरेसा प्रवाह येत नसेल, तर त्याचा मंद प्रकाश ते लगेच उघड करतो. क्लिप बॅटरीच्या ऋण टोकाला लावून सुई बल्बच्या होल्डरमधील संपर्कबिंदूला टेकवल्यावर दिवा नीट लुकलुकला, तर दोष बल्बमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधावा. क्लिपची स्प्रिंग मात्र ढिली आहे. ईसीयू (गाडीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) आणि सेन्सरच्या वायरींवर हा लॅम्प लावू नये, ही सूचना वेष्टनावर ठळक छापायला हवी होती.