‘आनुवंशिक’ शोधलं आणि शब्दकोशाच्या ॲपने चूक दाखवली

आरोग्यविषयक पत्रकांचं मराठी भाषांतर करते, त्यामुळे हे शब्दकोशाचं ॲप दिवसभर उघडं असतं. परवा ‘अनुवांशिक’ असं टाइप केलं. ॲपने लगेच ‘आनुवंशिक’कडे नेलं आणि कारणही दिलं: अनुवंशाला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या ‘अ’चा ‘आ’ होतो, ‘वं’ तसाच राहतो. इतकी वर्षं मी काना चुकीच्या अक्षराला देत होते!

व्युत्पत्तीचा भाग तर फारच सुंदर. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे मुळात वेळू. पेरावर पेर चढत जावं तशी पिढीवर पिढी. आपल्या घराचा ‘वासा’ही त्याच शब्दातून आलेला. हे वाचून मी काम बाजूला ठेवून बसले होते. ‘जीन’ हा शब्द डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी १९०९ मध्ये रूढ केला, त्याला आपण ‘जनुक’ म्हणतो, हेही तिथेच दिलंय.

उच्चार ठीक, शोध वेगवान.

पण वापराच्या बाबतीत ॲप कमी पडतं. ‘जन्मजात’ हा ‘आनुवंशिक’चा समानार्थी म्हणून दिलाय, ते साफ चूक आहे. गरोदरपणातल्या संसर्गामुळे बाळाला आलेलं बहिरेपण जन्मजात असतं, आनुवंशिक नव्हे. आईवडिलांच्या हातात असं पत्रक पडलं तर ते विनाकारण स्वतःच्या रक्ताला दोष देत बसतील. घर, जमीन असेल तर ‘वडिलोपार्जित’ म्हणायचं, तेही सांगायला हवं होतं.

दुरुस्ती कळवली आहे. तोवर चार तारे.